हंडा आमचा, कालवा तुमचा

प्रति,
महाराष्ट्रातल्या पाणी वापर संस्थांचे अध्यक्ष, संचालक आणि सभासद,
तसंच जलसंपदा विभागातले, हे पत्र ज्यांच्या टेबलावर जायला हवं ते सगळे.

विषय : सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचं पाणी.

सप्रेम नमस्कार.

मी एका पाणी वापर संस्थेची, म्हणजे कालव्याचं पाणी आपसात वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेची, माजी महिला संचालक आहे. ‘महिला’ हा शब्द मी लावलेला नाही, आमच्या प्रोसिडिंग बुकात तो आहे. बाकीच्यांच्या नावापुढं ‘पुरुष संचालक’ असं कुणी लिहिलेलं नाही. ते नुसतेच संचालक.

नवरा गेल्यावर दोन एकराच्या सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. लागलं म्हणजे तलाठ्याकडं आठ-नऊ खेटे घातल्यावर लागलं, पण ती कथा वेगळी. नाव लागलं म्हणून मी सभासद झाले आणि बाईची राखीव जागा रिकामी पडू नये म्हणून संचालकही झाले. निवडून आल्याचा निरोप मला मिळाला तो असा : “वहिनी, तुमचं नाव टाकलंय, मीटिंगला पोराला पाठवत जा.” पोरगा तेव्हा अकरावीत होता.

पहिल्या वर्षी एकाही सभेची नोटीस माझ्या हातात आली नाही. महिन्याकाठी पाटकरी (पाणी सोडणारा, पाळ्या लावणारा माणूस) बुक घेऊन दारात यायचा, मी ओल्या हातानं सही करायची. सभा व्हायच्या फाट्यावरच्या हॉटेलात, रात्री साडेआठला. हॉटेलात बसून पाणीवाटप ठरवू नये असं काही कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, हे मला मान्य आहे. पण त्या वेळी त्या हॉटेलात कुठली बाई जाईल, हेही तुम्हाला ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी मी गेले. सगळे उठून उभे राहिले, कुणीतरी खुर्ची पुसली, माझ्यासाठी वेगळा चहा सांगितला. खरंच चांगली माणसं आहेत. त्या चांगुलपणात माझा प्रश्न मात्र विरघळून गेला. प्रश्न साधाच होता : पाणीवाटपाच्या वहीत माझ्या नावापुढं सहा तास लिहिलेत, मग माझं रान निम्मंच का भिजतं?

उत्तर तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. शासन संस्थेला पाणी मोजून देतं, घनमीटरमध्ये. संस्थेच्या तोंडापाशी मोजमाप असतं. तिथून खाली मात्र सगळा कारभार तासांचा. वरच्या दाराजवळचा तास आणि शेवटच्या पोटचारीवरचा, म्हणजे रानापर्यंत जाणाऱ्या लहान चारीवरचा, तास यांत किती फरक पडतो, ते शेवटी राहणाऱ्याला विचारा. मधे चारी फुटलेली असते, गवत माजलेलं असतं, कुणी रात्री दोन विटा सरकवलेल्या असतात. घड्याळ सगळ्यांना सारखं, पाणी नाही. हे माझ्या बाईपणाचं दुखणं नव्हे, माझ्या शेजारच्या अण्णांचंही तेच दुखणं आहे. फरक इतकाच, की ते रात्री दोनला बॅटरी आणि काठी घेऊन चारीनं वर चालत जाऊ शकतात आणि दार धरून बसलेल्याशी भांडू शकतात. मी जाऊ शकत नाही. गेलेच, तर दुसऱ्या दिवशी गावात चर्चा पाण्याची होत नाही.

म्हणून मी एक गोष्ट ठामपणे मांडते. कालव्याला ‘हेड’ आणि ‘टेल’, म्हणजे तोंड आणि शेवट, असतं हे कायद्यानं मान्य केलं आहे. शेवटच्याला पाणी पोचलं पाहिजे, हे सगळे अधिकारी भाषणात म्हणतात. पण बाई, मजूर, वाट्यानं करणारा, गुरं राखणारा ही माणसं कालव्याच्या तोंडाशी राहत असली तरी टेललाच असतात. त्यांच्यापर्यंत पाणी नकाशाप्रमाणं पोचतं, हक्क म्हणून पोचत नाही.

याचं मूळ आपण कुठं शोधायचं? मी २००५ सालात शोधते.

त्या एका वर्षात तीन कायदे झाले. महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला. सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडं देणारा कायदा आला, ज्याच्यावर आपल्या संस्था उभ्या आहेत. आणि दिल्लीत हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलीला वडिलार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा मिळाला. (आपल्या राज्यानं हे १९९४ सालीच केलं होतं, त्याचा आपल्याला फार अभिमान असतो.) कागदावर बघितलं तर बाईसाठी याच्याइतकं शुभ वर्ष नाही. एका कायद्यानं तिला जमीन दिली, दुसऱ्यानं जमीन असणाऱ्याला पाण्याचा कारभार दिला. दोन आणि दोन चार व्हायला हवेत.

झालं उलटंच. पाण्याचा कारभार जमिनीच्या धारकाला घट्ट बांधला गेला आणि जमीन बाईच्या हातातून हक्कसोडपत्रानं सुटत राहिली. आपल्यापैकी किती जणांच्या घरात बहिणीची सही घेताना दुय्यम निबंधकाच्या ऑफिसबाहेर साडी-चोळी झाली, ते आठवून बघा. मी कुणाला दोष देत नाही, मीही माझ्या भावांना सही करून दिली आहे, हसत दिली आहे. माहेर तुटू नये म्हणून देतात सगळ्या. पण त्या एका सहीनं मी जमिनीबरोबर पाण्याच्या सभेतली खुर्चीही सोडली, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. हक्कसोडपत्रात पाण्याचा शब्दसुद्धा नव्हता.

देशाच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत बाई खातेदार असलेल्या वहिती सुमारे १४ टक्के निघाल्या. म्हणजे सभासदत्व खात्यावरून ठरवायचं म्हटलं, की सभा भरण्याआधीच बायका बाहेर. मग निवडणुकीच्या वेळी ‘आमच्याकडं बाईमाणूस मिळत नाही हो’ म्हणून संचालकांची धावपळ, आणि शेवटी माझ्यासारखी एखादी विधवा सापडते. नवरा जिवंत असता तर मी तुमच्या वहीत आलेच नसते. हे लिहिताना मला विचित्र वाटतंय, पण खरं आहे.

आता दुसरं चित्र बघा. पिण्याच्या पाण्याची समिती. २०१९ च्या १५ ऑगस्टला जल जीवन मिशन जाहीर झालं, माणशी दिवसाला ५५ लिटर नळाचं पाणी द्यायचं ठरलं. त्या योजनेत गावच्या पाणी समितीत निम्म्या बायका असाव्यात, दुर्बल घटकांना त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा असाव्यात, असं मार्गदर्शक सूचनांतच आहे. पाण्याची तपासणी करायला गावागावात पाच बायकांना शिकवायचंही ठरलं. चांगलं आहे. पण त्याच गावातल्या कालव्याच्या संस्थेत हे निम्म्याचं गणित कुठं जातं? मला याचा एकच अर्थ लागतो. पाणी हंड्यात असेल तर ते बाईचं काम. तेच पाणी चारीत आलं, त्याचा ऊस-द्राक्ष-कांदा झाला, त्याच्यातून पैसा दिसायला लागला, की ते बाप्याचं. हंडा आमचा, कालवा तुमचा.

आणि कालव्यातून आम्ही नुसतं शेत भिजवतो असं तुम्हाला कुणी सांगितलं?

इथं मी जरा थांबते, कारण हा विषय सभेत कधीच निघाला नाही. आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाळीचं पाणी, सुटलं की आमच्या चारीवर काय काय होतं ते मोजा. सकाळी धुणं. गोधड्या तर फक्त आवर्तनातच निघतात, कारण विहिरीच्या पाण्यात गोधडी धुवायची कुणाची टाप आहे? गुरं पाण्यावर येतात. ज्यांना रान नाही पण दोन शेळ्या आहेत, त्यांच्या शेळ्या येतात. मेंढरं घेऊन उतरलेले धनगर येतात. लग्नघरची भांडी येतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे कालव्याच्या पाझरानं आसपासच्या विहिरी आणि हातपंप वर येतात. वस्तीच्या हातपंपाला उन्हाळ्यात पाणी आहे की नाही, हे आवर्तन कधी सुटलं त्यावर ठरतं. यातला एकही वापर तुमच्या पाणीमागणीच्या नमुना सातच्या अर्जात नाही. पाणीपट्टीच्या पावतीत नाही. म्हणून तो हिशेबात नाही.

आता उघड्या चाऱ्या जाऊन बंद नळ्या येतायत. पाणी वाचतं, शेवटच्याला दाबानं मिळतं, चोरी कमी होते. मला पटतं, टेलला राहणारी बाई बंद नळीच्या विरोधात कशी असेल? पण मोजणीला साहेब आले तेव्हा त्यांनी खातेदारांशी बोलणं केलं. नकाशा पसरला, त्यावर गट नंबर होते, झडपा होत्या. धुण्याची जागा नव्हती. गुरांच्या पाण्याची जागा नव्हती. हातपंप नव्हता. मी विचारलं, पाइप पुरल्यावर धुणं कुठं? साहेब मनापासून सज्जन, म्हणाले, “ताई, प्रश्न बरोबर आहे, पण अंदाजपत्रकात तशी बाब नाही.” मी म्हटलं, एक हौद, दोन नळ, गुरांना एक लांब कुंडी, वर एक गळती नसलेली झडप. इतकीच बाब. ती आजवर निघालेली नाही. जिथं अजून नळ्या पडायच्या आहेत तिथल्या संचालकांना माझी हात जोडून विनंती आहे : नकाशावर सही करण्याआधी गावातल्या बायकांना घेऊन चारीवरून एकदा चालून या. तासाभराचं काम आहे. नळ्या पुरल्यावर मग उकरता येत नाही.

भाऊ, तुम्ही म्हणाल, ज्याची जमीन त्याचं पाणी, त्यात गैर काय? पाणीपट्टी तोच भरतो. दोन कामांची आठवण देते.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी नायगावपासून पाणी पंचायतीचं काम उभं केलं. त्यांचं सूत्र तुमच्या-माझ्या सूत्राच्या नेमकं उलटं होतं. पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटायचं नाही, माणसांच्या प्रमाणात वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यात वाटा. जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जात नाही, ते पंचायतीकडं परत येतं. ऊस लावायचा नाही. हे सगळं करून योजनेच्या खर्चातला वाटा लोकांनी स्वतः भरला. म्हणजे जमिनीपासून पाणी सुटं केलं की कुणी पैसे भरणार नाही, ही भीती पन्नास वर्षांपूर्वीच्या दुष्काळी गावांनी खोटी पाडलेली आहे. उणीव तिथंही होती, ते सांगितलं पाहिजे : मोजणी डोईमागं, पण वाटा कुटुंबाच्या नावानं. घरातल्या बाईचं डोकं मोजलं गेलं, तिचं मत नाही. तरी तिचं डोकं मोजलं गेलं, हेच मला फार मोठं वाटतं.

दुसरी आठवण सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. येरळा नदीवर तांदूळवाडीजवळ दुष्काळग्रस्तांनी मुक्ती संघर्ष चळवळीत बळीराजा धरण बांधलं, नदीच्या वाळूवर हक्क सांगून, त्या वाळूच्या पैशातून. तिथंही पाण्यात भूमिहीनांना वाटा देण्याचं ठरलं. पुढं आटपाडीच्या पाणी परिषदांपासून दक्षिण महाराष्ट्रात समन्यायी पाणी वाटपाची चळवळच उभी राहिली. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर या तिच्या नेत्यांची नावं तुमच्या पिढीला सांगायला नकोत. ‘समन्यायी’ हा शब्द आपण वापरतो तो त्या लोकांनी घाम गाळून रुजवलेला आहे.

आणि शासनालाही तो शब्द समजतो. ऊर्ध्व गोदावरीच्या, म्हणजे नाशिक-नगरकडच्या, धरणांतून मराठवाड्यातल्या जायकवाडीला पाणी सोडायचं की नाही, यावरून दरवर्षी ऑक्टोबर आला की आपल्याकडं काय होतं ते सांगायला नको. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला ६५ टक्के साठा नसेल तर वरच्यांनी सोडायचं, असं ठरलं. प्राधिकरणानं २०१४ साली आदेश दिला, कोर्टकचेऱ्या झाल्या, रास्ता रोको झाले, पण वरच्याचं पाणी एकट्या वरच्याचं नाही हे तत्त्व मानलं गेलं. खोऱ्याच्या पातळीवर मानलं गेलेलं तत्त्व पोटचारीच्या पातळीवर आलं की त्याला पाय फुटतात. मराठवाड्यासाठी समन्याय मागणारा माणूस आपल्या वस्तीच्या शेवटच्या घरासाठी तो मागत नाही. आणि मराठवाड्याचं आणखी एक सांगू? ज्या बायका तिकडच्या दुष्काळी गावातून कोयता घेऊन आपल्याकडं येतात, त्या आपल्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस तोडतात आणि पिण्याच्या पाण्यासाठी त्याच रानातल्या मालकाच्या मोटरीची वाट बघतात. त्यांची मतदारयादी दूर, त्यांचं आवर्तन दूर. दिवाळीनंतर त्या इथं असतात आणि रब्बीच्या पाण्याच्या सभा त्यांच्या गावी होतात. त्यांच्याकडून कुठल्या सभेत कोण बोलणार?

आपल्या गावात बोलणारे कोण नाहीत, तेही बघू. आमच्या संस्थेत रात्री दारं धरायला रोजंदारीवर जी माणसं लागतात ती बहुतेक एकाच वस्तीतली. पाणी वाफ्यात कसं वळवायचं, कुठल्या रानाला किती लागतं, कुठं फुटतं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. त्यातल्या दोघीतिघी बायका आहेत, दुसऱ्याचं रान अर्धेलीनं करतात. पाणीपट्टी त्यांच्या वाट्यातूनही कापली जाते. सभासद मात्र मालक, आणि मालक पुण्याला. अशा बाईनं एकदा सभेत दारात उभं राहून विचारलं, “आमची पाळी कधी?” तिला उत्तर मिळालं, “मालकाला विचार.” मालकानं सात वर्षांत रान पाहिलेलं नाही.

२० मार्चला आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो हार घालून लागतो. आमच्याही लागतो. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते तहान भागवायला नव्हे, हे शाळेतलं पोरही सांगेल. तळं नगरपालिकेनं आधीच, १९२४ साली, सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता. ठराव होता, पाणी नव्हतं. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. त्याच्याही कितीतरी आधी, १८६८ मध्ये, जोतीरावांनी पुण्यात घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, त्याला कुठलाही ठराव लागला नाही. ठराव आणि पाणी यांच्यामधलं अंतर आपल्या लोकांना नवीन नाही. म्हणून ‘ताई, कायद्यात तुम्हाला जागा आहेच की’ असं मला कुणी म्हटलं, की मला महाडचा तो १९२४ चा ठराव आठवतो.

‘बायकाच येत नाहीत’ या तक्रारीकडं येते. खरं आहे, येत नाहीत. मीच वर्षभर आले नाही. आल्यावर सुरुवातीचे पाच-सहा महिने बोलले नाही. बारा-पंधरा पुरुषांत एक बाई बसली की ती बाई राहत नाही, शोभेची वस्तू होते किंवा भांडखोर ठरते, मधलं काही होत नाही. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी भारत-नेपाळमधल्या वनसमित्यांचा अभ्यास करून दाखवलं, की समितीत बायका पाव ते एक तृतीयांश झाल्या की त्यांची हजेरी आणि बोलणं खऱ्या अर्थानं वाढतं. आमच्याकडं याला अभ्यास लागत नाही. बचत गटात वीस बायका बसल्या की कोण गप्प बसतं ते येऊन बघा! आणि बाई खुर्चीवर बसली तर काय फरक पडतो? राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास २००४ साली मांडला. सरपंचपद बाईसाठी राखीव होतं त्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं. बाईला पाणी का सुचतं, याचं उत्तर तिच्या कमरेला आणि मानेला विचारा.

तेव्हा एका राखीव जागेनं भागत नाही. निदान तीन तरी बायका संचालक मंडळात असू द्या, आणि त्यातली एक अशी, जिच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही.

कायदा बदलल्याशिवाय काही करता येत नाही, असं तुम्ही म्हणाल. कायदा बदलायला हवाच, आणि ते काम मुंबईचं. सभासदत्व ‘धारक’ या शब्दावरून काढून रान कसणाऱ्यावर आणा, नवरा-बायको दोघांनाही सभासद करा, भूमिहीनांना मताचा अधिकार द्या. अवघड नाही. आपल्या कायद्याला घरात डोकावता येतं, हे त्यानं दाखवलेलं आहे. प्राधिकरणाच्या २००५ च्या मूळ कायद्यात दोनपेक्षा जास्त मुलं झाली तर पाणीपट्टी दीडपट, असं कलम घातलं होतं. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातली पोरं मोजायला कायदा गेला, त्या पोरांच्या आईला मात्र बघून आला नाही.

पण मुंबईची वाट न बघता तुमच्या हातात पुष्कळ आहे. सभा दिवसा घ्या, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत घ्या. पाळीचं पत्रक फळ्यावर लावा, नुसतं ग्रुपवर टाकू नका, कारण ग्रुपमध्ये आमच्या घरातला फोन असतो, आम्ही नसतो. रात्रीच्या पाळ्यांचं काहीतरी करा. पंजाब-हरियाणाकडं वाराबंदीत, म्हणजे ठरल्या वारी ठरल्या वेळी पाणी घ्यायच्या पद्धतीत, दिवसाची आणि रात्रीची पाळी वर्षागणिक आलटूनपालटून फिरवतात, कायम एकाच्याच गळ्यात रात्र पडत नाही. आपल्याकडं माझ्या वाट्याला चार हंगाम सलग रात्र आली, आणि विचारलं तर “तुमचा नंबरच तिथं येतो” असं उत्तर. नंबर देवानं दिलेला नाही, पाटकऱ्यानं लावलेला आहे. एकट्या बाईला, म्हाताऱ्याला, अपंगाला दिवसाचं पाणी मिळावं, एवढा बदल एका ठरावानं होतो. वाट्यानं करणाऱ्यांना आणि दारं धरणाऱ्यांना सभेत निमंत्रित म्हणून बसवा. मत नाही तर नाही, निदान कुठं फुटतं ते तरी सांगतील. आणि जी मंडळी मनानं मोठी आहेत त्यांनी बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावून टाका. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं आणि त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावावर जमीन केली होती. ती माणसं काही आभाळातून पडलेली नव्हती. आपल्यासारखीच कांद्याच्या भावानं पिचलेली होती.

यातून भांडणं वाढतील, अशी भीती एका संचालकानं मला खासगीत बोलून दाखवली. घराघरात पाणी शिरेल म्हणाले. पाणी घराघरातच आहे, अण्णा. पहाटे साडेचारला मोटर सुरू करायला उठते ती कोण?

माझी मुदत संपली. आता मी नुसती सभासद आहे, पाणीपट्टी भरलेली, थकबाकी शून्य. रब्बीच्या नियोजनाची सभा लागेल, तेव्हा नोटीस काढाल. दप्तरात माझ्या नावापुढं अजून मुलाचा मोबाइल नंबर आहे. तो खोडून माझा लिहा. वस्तीवरच्या त्या दोघीतिघींना मी बरोबर घेऊन येणार आहे. खुर्च्या पुसायची गरज नाही, सतरंजी चालेल, फक्त पाणीवाटपाची वही टेबलावर उघडी ठेवा.

आपली,
शेवटच्या पोटचारीवरची एक सभासद